दावं आणि कासरा

आमच्या पेठेत एका घराच्या लोखंडी फाटकाला कुत्रं बांधलेलं असतं. साखळी असेल ३ फुटांची. सकाळी दूधवाला, मग पेपरवाला, मग शाळेची पोरं. येईल त्याच्यावर ते झेपावतं आणि साखळीचा हिसका बसला की मागं येतं. रात्री जेवणं आटोपली की घरचे मामा त्याला सोडतात. अर्ध्या तासानं ते आपलं आपण परत येतं. तेवढ्यात कुणाची तरी मोपेड घसरलेली असते, नाहीतर कुणाची पँट फाटलेली असते. बोलायला गेलं की मामांचं उत्तर ठरलेलं: "दिवसभर बांधूनच असतंय की ओ. आणि किती आवरायचं?"

घोळ तिथंच आहे. बांधणं म्हणजेच आवरणं, असं मामांनी धरलंय. ज्यांच्या घरी गावाकडं बैल होते त्यांना फरक सांगायला नको. गोठ्यात असतं ते दावं, गाडी हाकताना लागतो तो कासरा. दोन्ही दोरच. पण दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला असतं आणि कासऱ्याचं माणसाच्या हातात.

दाव्यावरच्या कुत्र्याला पळून जायची सोय नसते. भीती वाटली तर बाजूला व्हावं, एवढंही त्याच्या हातात नाही. मग उरतं अंगावर जाणं. त्यात रोजची शिकवणी वेगळीच. पेपरवाला येतो, कुत्रं भुंकतं, पेपरवाला जातो. तो जाणारच होता, पण कुत्र्याला वाटतं आपण हाकललं. वर्षभर हा धडा गिरवल्यावर ते रात्री मोकळं सुटलं, तर कसं वागेल? वर दिवसभराची साठलेली रग.

कायद्यानंही ही दोन टोकं वेगळी धरली आहेत, आणि मामा दोन्हीकडून अडकतात. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही, तर तोही. दुसरीकडं भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा हयगयीनं घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे दिवसाचं बांधणं एका कायद्यात आणि रात्रीचं सोडणं दुसऱ्यात.

आता कासरा. ४ ते ६ फुटांचा साधा पट्टा पुरतो; गर्दीच्या गल्लीत तो हाताशी आखूड धरायचा, मोकळ्या जागी सैल सोडायचा. बटण दाबलं की लांब होणारी दोरी आमच्या बोळांत धोक्याचीच, कारण कुत्रं गाडीखाली पोचेपर्यंत बटण सापडत नाही. चांगला गाडीवान कासरा सारखा ताणून धरत नाही. कुत्र्याचंही तसंच: पट्टा सतत ताठ असला की तेही ताठरतं, समोरच्या कुत्र्यावर जास्त गुरगुरतं. ओढायला लागलं की थांबायचं, पट्टा सैल झाला की चालायचं. पहिला आठवडा शंभर पावलांना पंधरा मिनिटं लागतील, लागू देत. संस्थानकाळात आमच्या या कोल्हापुरात शिकारीसाठी चित्ते पाळत. डोळ्यांवर टोपी चढवून त्यांना सांभाळणारी माणसं इथंच होती. त्याच गावात रंकाळ्यावर लॅब्रेडॉर मालकाला फरफटत नेतो, हे काही बघवत नाही.

आपल्याकडं मुधोळ पाळणारेही बरेच. त्यांनी जपायचं ते गळ्याच्या पट्ट्याला. या जातीचं डोकं निमुळतं, मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळं साधा पट्टा मागं सरकून सहज निघतो. त्यात हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. मांजर पळालं की मागून हाका मारून उपयोग नाही. त्याला छातीवरून येणारा हार्नेस, नाहीतर ओढल्यावर बेतानं आवळणारा रुंद पट्टा घ्यावा.

एक प्रकार मात्र कासऱ्यासारखा दिसतो आणि कासरा नसतो: मोपेडवर बसून कुत्र्याला बाजूनं पळवणं. दोरी हातात असते खरी, पण त्याच हातात ब्रेकही. कुत्रं हुंगायला थांबलं तर दोघंही आडवे. डांबर तापलेलं असलं तर पंजे भाजतात ते वेगळंच.

आणि डॉल्बीची रात्र. विसर्जनाला किंवा दिवाळीच्या फटाक्यांत बुजलेलं कुत्रं साखळी तोडतं, नाहीतर कठड्यावरून उडी मारून तिथंच लटकतं. फिरवायला नेलं तरी हातातून निसटतं. तेव्हा त्याला संध्याकाळीच, आवाज सुरू व्हायच्या आत, फिरवून आणावं आणि मग सगळ्यात आतल्या खोलीत मोकळं ठेवावं. खिडक्या लावून, पंखा चालू करून. गळ्यातल्या पट्ट्यावर घरचा मोबाईल नंबर मात्र असू द्यावा, कारण पाहुणा येतो आणि दार उघडं राहतं.