दूध पचत नाही, की बाधते?

‘दूध पचत नाही’ आणि ‘दूध बाधते’ ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो. पहिले साखर शोषली न जाण्याबद्दल आहे, दुसरे होणाऱ्या त्रासाबद्दल. त्यांतला फरक नेमका मोजण्यासाठी वैद्यकशास्त्रालाही काही दशके खर्चावी लागली.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) फुटते आणि मगच रक्तात शोषली जाते. विकर कमी पडले की ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि जिवाणूंच्या तावडीत सापडून आंबते. गुबारा, कळा आणि जुलाब त्यातूनच उद्भवतात. १९५९ साली मँचेस्टरच्या होल्झेल आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांमधील कुपोषणाचा संबंध या दोषाशी जोडला. पुढे वॉर्डातच पातळ शौचाचे काही थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात साखर ओळखणारी रासायनिक गोळी टाकण्याची पद्धत आली. मिश्रण आपोआप उकळे आणि साखर असल्यास निळा रंग नारिंगीकडे झुके. मात्र नेहमीची ऊसाची साखर या चाचणीला आधी आम्लात फोडल्याशिवाय सापडत नसे.

मोठ्या माणसांना ५० ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे जवळपास लिटरभर दुधातली साखर, पाजून रक्तशर्करा किती वाढते ते पाहत. मधुमेह असला किंवा जठर सावकाश रिकामे होत असले, तर ही चाचणी चकवा देई. थेट पुरावा आतड्यातूनच आणायचा, तर १९५७ मध्ये आलेली क्रॉस्बी कॅप्सूल होती: बारीक नळीच्या टोकाची धातूची कुपी रुग्णाने गिळायची, ती जागेवर पोचल्याची एक्स-रेने खात्री करायची आणि नळीतून हवा ओढली की आतले पाते अस्तराचा कण कापून घेई. त्या कणातले विकर मोजण्याची रीत स्वीडनच्या डालक्विस्ट यांनी बसवली.

या मोजणीने एक गैरसमज मोडला. बाल्टिमोरमध्ये १९६६ साली बेलेस आणि रोझेन्सवाइग यांना गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय प्रौढांमध्ये लॅक्टेजची कमतरता कितीतरी अधिक आढळली. आज आपण जाणतो की जगातील बहुसंख्य प्रौढांची हीच स्थिती आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या संशोधकांनी स्वतःच्या पचनालाच प्रमाण मानल्यामुळे ती ‘व्याधी’ ठरली होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. भारतात १९८१ च्या एका अभ्यासात दिल्लीत सुमारे २७ टक्के, तर त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरीत मिळून सुमारे ६६ टक्के लोकांना लॅक्टोज पचत नसल्याचे दिसले.

कुपी गिळण्यातून सुटका श्वासाने केली. मानवी पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, आतड्यातले जिवाणू न पचलेली साखर आंबवताना करतात. तो रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. अमेरिकेतील मायकेल लेव्हिट यांनी १९६९ मध्ये हे मोजून दाखवले. आजही रुग्णाला आदल्या रात्री डाळी-कडधान्ये टाळून साधा भात खायला सांगतात, सकाळी उपाशीपोटी लॅक्टोज विरघळवलेले पाणी देतात आणि ठरावीक वेळाने नळीत फुंकायला लावतात; हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्ष भागांत २० किंवा अधिक भागांनी वाढला, तर साखर शोषली गेली नाही असे धरतात. ज्यांचे जिवाणू हायड्रोजनऐवजी मिथेन करतात, त्यांच्यात ही चाचणी फसू शकते.

याच लेव्हिट यांच्या गटाने १९९५ मध्ये, दूध अजिबात सोसत नाही असे सांगणाऱ्या ३० जणांची परीक्षा घेतली. श्वासचाचणीत त्यांपैकी ९ जणांना लॅक्टोज व्यवस्थित पचत असल्याचे आढळले. उरलेल्या २१ जणांनाही रोज एक पेला साधे दूध आणि लॅक्टोज फोडलेले दूध, कोणते कोणते हे न कळू देता पाजले, तेव्हा त्रासात लक्षणीय फरक पडला नाही.