सध्या काय वाचताय? चालू वाचनाच्या वहीविषयी सभासदांना माहिती

वाचनालयात पुस्तक बदलायला आलेल्या सभासदाला आम्ही पूर्वी काउंटरवर विचारायचो, "कसं वाटलं?" उत्तर बहुतेक वेळा दोनच शब्दांत यायचं, "छान आहे." पुस्तक परत कपाटात जायचं आणि सभासद दुसरं घेऊन घरी. त्यांच्या मागेच रांगेत उभ्या असलेल्या माणसाला नेमकं तेच पुस्तक हवं असायचं, पण ते दोघांपैकी कुणालाच कळायचं नाही.

मग आम्ही प्रश्न बदलला. आता विचारतो, "सध्या काय चालू आहे? कुठवर आलात?" आणि या प्रश्नाला लोक थांबून उत्तर देतात. पुस्तक संपलं की मत तयार होतं आणि मत तयार झालं की माणूस थोडक्यात आटपतो. अर्ध्यावर असताना मात्र तो अजून त्या घरात, त्या माणसांत वावरत असतो. त्याला शंका असतात, कुणाचा तरी राग आलेला असतो, पुढं काय होईल याचा अंदाज बांधून झालेला असतो. हे बोलणं दुसऱ्या वाचकाच्या फार उपयोगाचं असतं. ते वाया जाऊ नये म्हणून काउंटरवर 'चालू वाचनाची वही' ठेवली आहे. ती कशी वापरायची, ते या पत्रकात सांगतो.

वही साधी आहे, लांबट, हिशेबाची असते तशी. पट्टीनं आखलेले चार रकाने: तारीख, सभासद क्रमांक, पुस्तक आणि कितव्या पानावर आहात. त्याखाली एक ओळ तुमच्या मनातली. नाव लिहायची सक्ती नाही, क्रमांक पुरे. काही जण आजारपणावरची किंवा घरगुती अडचणींवरची पुस्तकं वाचत असतात आणि ते चारचौघांत जाऊ नये असं त्यांना वाटतं. त्यांनी क्रमांकही लिहिला नाही तरी चालेल.

ओळ कशी असावी, हे समजावं म्हणून एक नोंद जशीच्या तशी देतो. एका निवृत्त शिक्षकांनी जाडजूड कादंबरीच्या ११२व्या पानावर असताना लिहिलं होतं: "नायकाचा संताप येतोय, पण पुस्तक खाली ठेववत नाही. त्याची आई मात्र माझ्या आईसारखी बोलते." तीन आठवड्यांनी कॉलेजातल्या एका मुलीनं ती ओळ वाचून त्या पुस्तकाला नंबर लावला. मलपृष्ठावरचा मजकूर तिनं आधीही वाचला होता, तेव्हा घ्यावंसं वाटलं नव्हतं. आईविषयीच्या त्या एका वाक्यानं तिला पुस्तक न्यायला लावलं.

सुरुवातीला आम्ही चुकीच्या वाटेनं गेलो, हेही सांगायला हवं. छापील अर्ज देऊन दीडशे-दोनशे शब्दांत अभिप्राय मागितला. सहा महिन्यांत चार अर्ज भरून आले. परीक्षण लिहायचं म्हटलं की चांगल्या वाचकालाही शाळेचा पेपर आठवतो. एका ओळीची भीती वाटत नाही.

वाचता वाचता बोलायची ही रीत आपल्याकडे मुळीच नवी नाही. श्रावणात पोथी लावतात, तेव्हा दुसरं काय होतं? हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप, नवनाथ भक्तिसार. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात, मधूनच विचारतात. बाहेर पाऊस, आत समईचा उजेड, अध्याय संपला की पोथी पुन्हा रुमालात बांधायची आणि उद्यापर्यंत सगळे एकाच ठिकाणी थांबायचे. दुसऱ्या दिवशी बांधावर भेटले की काल कथा कुठं थांबली त्यावर बोलणं. छापील पुस्तकाच्या काळातही हे चालू राहिलं. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यात क्रमशः छापली. म्हणजे त्या वेळच्या वाचकाला इच्छा असूनही पुढचं पान उलटता येत नव्हतं. सगळे वाचक एकाच प्रकरणावर थांबलेले! पूर्ण पुस्तक हातात मिळणाऱ्या आपल्याला ही संगत मुद्दाम जमवावी लागते.

म्हणूनच पारायण चालू असेल तर तेही वहीत लिहा. "ज्ञानेश्वरी, अध्याय नववा" ही नोंद आमच्या लेखी कादंबरीच्या नोंदीइतकीच मोलाची. कन्नड, हिंदी, इंग्रजी पुस्तकं, कानानं ऐकलेली पुस्तकं, नातवाला वाचून दाखवत असलेली चित्रांची पुस्तकं, सगळं लिहा. अर्ध्यावर सोडलेलं पुस्तकही लिहा आणि का सोडलं तेही लिहा. त्यात कमीपणा नाही. तुम्हाला ज्या कारणानं कंटाळा आला, त्याच कारणासाठी दुसरा कुणी ते पुस्तक शोधत असतो.

बंधन एकच, आणि ते आम्ही कडकपणे पाळतो: आपण ज्या पानावर आहोत त्याच्या पुढचं लिहायचं नाही आणि शेवट कधीच नाही. रहस्यकथेच्या नोंदीखाली कुणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. त्यानंतर ते पुस्तक वर्षभर कुणी नेलं नाही. आता अशी ओळ दिसली की आम्ही त्यावर कोरा कागद चिकटवतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला वरच्या खोलीत बैठक असते. सभासद नसलात तरी या. हातात चालू असलेलं पुस्तक हवं, त्यात खूण घातलेली हवी. खूण काहीही चालते. परत आलेल्या पुस्तकांत आम्हाला एसटीची तिकिटं, पिंपळाची जाळीदार पानं, गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडत आली आहेत. प्रत्येकाला चार मिनिटं. त्यातलं एक मिनिट खूण घातलेल्या पानावरचा अर्धा परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. याचा आग्रह एवढ्यासाठी की लेखकाची भाषा कानावर पडली की ऐकणाऱ्याचं ठरतं, हे आपल्याला झेपेल की नाही. आमच्या बोलण्यातून ते कळत नाही. चहा आमच्याकडून.

दिवाळी अंकांची गोष्ट थोडी वेगळी. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंकांची संख्या एवढी वाढली आहे की कुणा एकाचं सगळं वाचून होणं अशक्य. म्हणून प्रत्येक अंकाच्या आतल्या बाजूला आम्ही एक पट्टी चिकटवतो. आवडलेल्या लेखाचा किंवा कथेचा पान क्रमांक त्यावर पेन्सिलीनं लिहायचा, बस्स. जानेवारी उजाडेपर्यंत त्या पट्ट्या भरून जातात आणि उशिरा अंक मिळालेल्यांचा वेळ वाचतो.

बाहेरगावी असलेल्या माणसांबरोबरही हे करता येतं. आमच्या एका सभासद बाई साताऱ्यात, थोरली बहीण बेळगावात. दोघी एकच पुस्तक वाचायला घेतात आणि रात्री जेवणं आटोपल्यावर फोन. "अक्का, कुठवर आलीस?" "अगं थांब, तो वाडा विकतायत तिथं आहे मी. पुढचं सांगू नकोस." असं पुस्तक दोघींना हवं असेल तर दुसरी प्रत आम्ही मागवून देतो, छापील किमतीवर सवलतीत.

इथं एक कळकळीची विनंती. आवडलेल्या पानाचा फोटो जरूर पाठवा, पण आख्ख्या पुस्तकाची पीडीएफ पुढं ढकलू नका. आपल्याकडे कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींचीच निघते आणि तीही संपायला वर्षं लागतात. फुकट फिरणाऱ्या फाइलीमुळे दुसरी आवृत्ती निघतच नाही आणि मग ते पुस्तक आम्हालाही तुम्हाला देता येत नाही.

फेब्रुवारीत, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत, सभासदांना घेऊन आम्ही भिलारला जातो. पाचगणीजवळचं हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीला तिथल्या पंचवीस ठिकाणी वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं मांडली गेली, त्यांतली बरीचशी राहत्या घरांत. कुणाच्या ओसरीवर बसून कवितासंग्रह वाचावा, उठून पुढच्या घरी चरित्रं पाहावीत. संध्याकाळी परतीच्या गाडीत वही एका हातातून दुसऱ्या हातात फिरते.

चालू वही काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. भरलेल्या जुन्या वह्या मागच्या कपाटात वर्षवार लावल्या आहेत. त्या घरी देत नाही, बसून वाचायला मात्र केव्हाही मागा. पुस्तक बदलायला याल तेव्हा दोन मिनिटं हाताशी ठेवून या, आणि चष्मा विसरू नका.