शाळेतली तपासणी आणि निदान: चिठ्ठी हातात आल्यावर

शाळेत आरोग्य तपासणी झाली की काही मुलांच्या हातात चिठ्ठी येते, 'पुढील तपासणीसाठी पाठवावे'. ती वाचून काही आईवडील हादरतात, तर काही घरांत ती दप्तरातच चुरगळून जाते. स्क्रीनिंग (शाळेतली ही झटपट प्राथमिक तपासणी) म्हणजेच निदान, असं धरून चालल्यामुळे हे होतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून देशभर चालतो. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मजात व्यंग, पोषणातली कमतरता, आजार, वाढीतला उशीर यांच्या खुणा ते शोधतं. वर्गच्या वर्ग तपासायचे असतात, त्यामुळे एका मुलाच्या वाट्याला मोजकीच मिनिटं येतात. तेवढ्यात आजार ठरवता येत नाही. कोणाकडे नीट बघायला हवं, एवढंच कळतं.

डोळ्यांचं बघा. सहा मीटरवरचा तक्ता एकेक डोळा झाकून वाचायचा असतो. मूल बोटांच्या फटीतून बघतं, शेजारच्याचं ऐकून पाठ म्हणतं, आणि एका डोळ्याने कमी दिसतंय हे राहून जातं. उलट एखादं मूल लाजून गप्प बसतं आणि नापास होतं. म्हणून चिठ्ठी आली म्हणजे चष्मा लागलाच असं नाही. नंबर आहे का आणि किती, हे नेत्रतज्ज्ञ थेंब घालून, बाहुली मोठी करून ठरवतात. मात्र टाळाटाळ नको. एक डोळा आळशी होत असेल, म्हणजे त्याची नजर नीट विकसित होत नसेल, तर उपचार जितक्या लहान वयात सुरू होतील तितके चांगले.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात स्क्रीनिंग आणि निदान यांतला फरक विसरणं सगळ्यात जास्त महागात पडतं. गडचिरोली, नंदुरबारकडच्या पालकांना सोल्युबिलिटी चाचणी ओळखीची आहे. नळीतलं द्रावण गढूळ झालं, मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की चाचणी पॉझिटिव्ह. पण मूल वाहक (आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेलं) आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी करावी लागते. वाहक मूल सहसा ठणठणीत असतं; रुग्णाला मात्र कायम औषधोपचार आणि देखरेख लागते. नुसत्या पहिल्या चाचणीवरून मुलीला 'आजारी' ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि रुग्ण मुलाला 'काही नाही, वाहक असेल' म्हणून घरी बसवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

'सर्व ठीक' या शेऱ्यालाही मर्यादा आहेत. पापणी खाली ओढून बघितलं, तर ठळक रक्तक्षय दिसतो, सौम्य निसटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 मध्ये देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलगी जिना चढताना दमते, पाळीत फार रक्त जातं, वर्गात लक्ष लागत नाही, असं असेल तर शाळेचा कागद काहीही म्हणो, हिमोग्लोबिन तपासून घ्याच. बारा वर्षांपुढच्या मुलीत ते 12 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. तो कशामुळे, लोह कमी म्हणून, जंतांमुळे की थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे, हे डॉक्टर पुढे शोधतात.

शाळेच्या पथकाने पाठवलेल्या मुलाची पुढची तपासणी आणि उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियासुद्धा, या कार्यक्रमात मोफत आहेत. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मूळ कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात जा आणि तिथे अशा मुलांची पुढची तपासणी करणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा.