सावळ्या वर्णाला पेस्टल शोभत नाही?

‘फिके रंग गोऱ्यांनाच खुलतात, सावळ्यांनी गडदच नेसावं,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा नाही.

पेस्टल म्हणजे भरपूर पांढरा मिसळलेला, कमी तीव्रतेचा रंग. सावळ्या त्वचेशेजारी उजेड-अंधाराचा फरक मोठा पडतो, म्हणून पिस्ता, अबोली, आकाशी उलट ठळक उठून दिसतात. फरक कमी पडतो तो गोऱ्या वर्णावर!

मग समज आला कुठून? गडद छटेशेजारी फिका रंग आणखी फिका भासतो. त्यामुळे अगदी पुसट गुलाबी जवळजवळ पांढरा वाटतो. तिथे एक छटा गडद घ्यावी. राखाडी झाक असलेले रंग मात्र चेहरा निस्तेज करू शकतात. दुकानातला पिवळा दिवाही फसवतो: त्यात आकाशी मळकट दिसतो.

पडताळणी सोपी आहे. दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन टाळून, दोन ओढण्या आळीपाळीने हनुवटीखाली धरा. कापडाकडे नाही, चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांखालच्या सावल्या गडद वाटल्या तर तो रंग बाजूला ठेवा. मग फोटो काढून कृष्णधवल करा; कापड आणि त्वचा किती वेगळी दिसते ते लगेच कळेल. साडी फारच फिकी वाटली तर काठ किंवा ब्लाउज गडद घ्या, जसं पिस्त्यावर वांगी.