आलिशान गाडीवरून बनवलेली रेसकार

शौकानं फिरवायची महागडी, जड गाडी घ्यायची आणि तिच्यातूनच शर्यतीची गाडी काढायची, ही ती पद्धत. फॉर्म्युला वनची गाडी यात येत नाही, ती मुळातच शर्यतीसाठी बनते. इथं मूळ गाडी ओळखू आली पाहिजे, निदान कागदावर तरी. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिलेल्या विदर्भातल्या माणसाला हे जास्त समजवावं लागत नाही. कापसाची बंडी पटात कोणी जुंपत नाही, छकडा वेगळाच असतो, हलका, आणि सुतार तो तासायला बसला की तो हाकणारा धुरकरी बाजूला उभा राहून अजून काढ, अजून काढ म्हणत असतो. इथं मात्र बंडीचाच छकडा करून दाखवायचा असतो.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. १९२९ आणि १९३० ला फ्रान्समधल्या ल मान्सची २४ तासांची शर्यत बेंटलीच्या स्पीड सिक्सनं जिंकली, ती साडेसहा लिटर इंजिनाच्या श्रीमंती गाडीवरूनच आलेली, म्हणून बरेचजण तिथून धरतात. पण तेव्हा कंपनी नुसती चासी, म्हणजे इंजिनासकट सांगाडा, द्यायची, बॉडी गिऱ्हाईक दुसरीकडून बांधून घ्यायचा, त्यामुळे रस्त्याची कोणती अन् रेसची कोणती ही रेघच पुसट होती. आजच्या अर्थानं बघितलं तर १९७१ जास्त पटतं. १९६७ ला सुरू झालेल्या एएमजी या मर्सिडीजच्या गाड्या तेज करणाऱ्या जर्मन कंपनीनं मर्सिडीज ३०० एसईएल ६.३ ही साहेबी सेडान घेतली, इंजिन ६.३ चं ६.८ लिटर केलं, २५० हॉर्सपॉवरचे ४२८ झाले आणि बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांत गाडी एकूण दुसरी, तिच्या गटात पहिली आली. वजन तरीही १६०० किलोच्या वर, म्हणजे टायर अन् पेट्रोल खाणारच. तिला नाव पडलं लाल डुकरीण. हरभऱ्यात रानडुक्कर शिरलेलं ज्यानं पाहिलं त्याला ते नाव बरोबर वाटेल.

खरी कारागिरी पॉवर वाढवण्यात नाही, वजन उतरवण्यात आहे. बेंटली कॉन्टिनेंटल जीटी रस्त्यावर साधारण २३०० किलोची होती, तिची जीटी३ (रस्त्याच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसकारचा गट) रेसकार १३०० च्या आत, म्हणजे जवळजवळ एक टन गायब. लेदर, लाकूड, मागची सीट, आवाज दाबायचे थर सगळं बाहेर, बाहेरचे पत्रे जाऊन कार्बन फायबर. चारही चाकांना जाणारी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना आणि गिअरबॉक्स इंजिनाजवळून उचलून मागच्या अॅक्सलपाशी, कारण असल्या गाड्यांचं नाक जड असतं, वळणावर पुढची चाकं बाहेर घसरतात. वजन मागं गेलं की ते कमी होतं. सांगाड्यात पोलादी पाइपांचा पिंजरा वेल्ड करतात, त्यानं ड्रायव्हर वाचतो आणि बॉडी पिळत नाही, नाहीतर सस्पेन्शन कितीही सेट करा, उपयोग नाही. वेग जीटी३ मध्ये नियमानंच बांधून टाकतात, इंजिनाला हवा कमी देऊन किंवा गाडीवर वजन लादून, म्हणजे वेगवेगळ्या गाड्या बरोबरीत पळाव्यात.

लाल डुकरीण पुढे फ्रान्सच्या मात्रा कंपनीला विकली, तिनं ती लांब करून विमानाची चाकं तपासायला वापरली.