हिरवं, गुलाबी, निळं : युगांडातल्या मॉर्फिनच्या बाटलीची पार्श्वभूमी

युगांडात हॉस्पिसची, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेची, नर्स कॅन्सरच्या पेशंटच्या घरी जाते तेव्हा तिच्या बॅगेत पातळ मॉर्फिन असतं, तीव्र वेदनांवरचं औषध. हिरवं म्हणजे सगळ्यात कमी स्ट्रेंथचं, गुलाबी त्याच्या दहापट, निळं त्याहूनही स्ट्राँग, रंग अशासाठी की लेबल वाचता न येणाऱ्या घरच्या माणसालाही कुठली बाटली उघडायची ते कळावं. आत काय, तर पावडर, पाणी, टिकावं म्हणून थोडं प्रिझर्वेटिव्ह आणि रंग, बस्स. सुरुवातीला तर मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटल्यांतूनच द्यायचे.

ही गोष्ट सुरू होते लंडनला, 1948 मध्ये. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं म्हणून हॉस्पिटलमध्येच सोशल वर्करचं काम करायला लागल्या, आणि 1945 मध्ये त्यांची ख्रिस्ती श्रद्धा एकदम घट्ट झाली होती. वॉर्डात त्यांना भेटला डेव्हिड टास्मा, पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित, वय चाळीसच्या आसपास, कॅन्सर, जवळचं असं कोणी नाही. एकदा तो म्हणाला काहीतरी धीर येईल असं बोल, तर यांनी पाठ असलेलं स्तोत्र म्हटलं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे, जे ज्यू आणि ख्रिस्ती दोघांचंही आहे. अजून वाचून दाखवू का विचारलं तर तो म्हणाला नको, तुझ्या मनात आणि हृदयात जे आहे तेवढंच मला हवंय. मला ही जागा फार मोलाची वाटते, कारण तिने त्याला आपल्या धर्मात ओढलं नाही. तो गेला तो आपल्या पूर्वजांच्या देवाशी समेट करून, असं त्या पुढे सांगत. जाताना त्याने 500 पौंड ठेवले, मरणाऱ्यांसाठी तू जे घर काढशील त्यातली एक खिडकी होईन म्हणून. त्याच्या आठवणीतली ती खिडकी त्यांनी 1967 मध्ये उघडलेल्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमध्ये आजही आहे.

मधली 19 वर्षं काय झालं ते बघा. एका सर्जनने सांगितलं की मरणाऱ्या माणसाला डॉक्टरच सोडून जातात, तू डॉक्टरच हो, मग त्या वयाच्या तिशीत मेडिकलला गेल्या. 1958 पासून त्या हॅकनीच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये होत्या, ते आयरिश नन्सनी चालवलेलं. नन्सची माया अपार, पण मॉर्फिनची पद्धत तेव्हा बहुतेक ठिकाणी होती तीच, पेशंट कळवळून मागेल तेव्हा इंजेक्शन, कारण सवय लागेल ही भीती. सॉन्डर्सबाईंनी ठराविक तासांनी तोंडावाटे डोस सुरू केला, वेदना परत यायच्या आधीच. पेशंट जागे राहायला लागले, घरच्यांशी बोलायला लागले. त्यांच्या एका पेशंटने सांगितलं होतं की दुखणं पाठीत सुरू झालं डॉक्टर, पण आता माझं सगळंच बिघडलंय असं वाटतं. शरीर, मन, घरची काळजी, देवाबद्दलचे प्रश्न हे सगळं एकाच वेदनेचे भाग आहेत हा त्यांचा 'टोटल पेन'चा विचार अशाच पेशंटकडून आला.

आफ्रिकेत हे नेलं अ‍ॅन मेरिमन यांनी. लिव्हरपूलच्या आयरिश घरातली मुलगी, लहान भाऊ 11 वर्षांचा असताना ब्रेन ट्यूमरने गेला, पुढे मेडिकल मिशनरी नन झाली, डॉक्टर झाली, नायजेरियात वर्षानुवर्षं काम केलं. 1973 मध्ये त्यांनी नन म्हणून जगणं सोडलं, श्रद्धा मात्र नाही सोडली. 1980 च्या दशकात सिंगापूरला असताना तिथल्या फार्मसिस्टबरोबर बसून त्यांनी पावडरपासून स्वस्त पातळ मॉर्फिनचा फॉर्म्युला बसवला. मग नैरोबी, आणि 1993 मध्ये कंपाला. हातात पैसे फक्त तीन महिन्यांचे, पण पावडर मॉर्फिन देशात येऊ देऊ असा शब्द सरकारकडून आधी घेतला होता, कारण औषध नसेल तर नुसतं हात धरून बसण्यासाठी त्यांना जायचं नव्हतं. तो एड्सचा ऐन काळ, डॉक्टर मोजके, म्हणून 2004 मध्ये युगांडाने कायदाच बदलला, ट्रेनिंग घेतलेल्या नर्सलाही मॉर्फिन लिहून द्यायची परवानगी मिळाली.

आपल्याकडे मुंबईत, बांद्र्याला, 1986 मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती अवेदना सुरू केलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस, पुढे गोव्यातही. पण त्याच सुमाराला, 1985 मध्ये, अमली पदार्थांचा कायदा आला होता आणि लायसन्सच्या जंजाळामुळे अनेक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. ते नियम सोपे करणारी दुरुस्ती आली 2014 मध्ये.

माझी मावशी त्याच्या आधी गेली, जिल्ह्याच्या गावी. शेवटचे दोन महिने ती रात्रभर कण्हायची, आम्ही उशाशी हरिपाठ म्हणायचो, भेटायला येणारे म्हणायचे भोग असतात बाई, भोगूनच संपवायचे. मॉर्फिन नावाचं काही तोंडाने घेता येतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. हरिपाठाने तिला आधार नक्की मिळायचा, पहाटे ओठ हलायचे तिचे, पण चौथ्या-पाचव्या अभंगाला कळ यायची आणि ती आमचा हात घट्ट धरून थांबा म्हणायची.