ग्राफिक्स कार्डवरचे 'जीबी' आणि खेळाचा वेग

'जितके जीबी जास्त, तितके ग्राफिक्स कार्ड (संगणकावरील खेळांची चित्रे पडद्यावर उभी करणारा भाग) वेगवान', हा समज अनेक वर्षे फिरतो आहे. म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात पहिला संगणक जुळवायला गेलेल्या नवख्याला खोक्यावरचा तोच आकडा सर्वांत मोठा दिसतो, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे.

वास्तविक, हे जीबी कार्डवरच्या मेमरीचे माप आहे आणि ही मेमरी म्हणजे काम करण्याचे टेबल. चित्रे, पोत, सावल्या यांची माहिती तिथे मांडून ठेवली जाते. प्रत्यक्ष गणित मात्र कार्डवरची मुख्य चिप करते, आणि ती माहिती चिपपर्यंत किती वेगाने पोचते, हे मेमरीच्या प्रकारावर व तिच्या मार्गाच्या रुंदीवर ठरते. जीटी ७३० हे कार्ड ४ जीबी डीडीआर३ (जुन्या, संथ प्रकारच्या) मेमरीसह विकले गेले, पण त्याचा मेमरीवेग सेकंदाला ३० जीबीपेक्षाही कमी आहे. २०१६ मधील जीटीएक्स १०५० मध्ये २ जीबीच असली, तरी हा वेग ११२ जीबी आहे, शिवाय चिपही कितीतरी सक्षम आहे. साहजिकच बहुतेक खेळ दुसऱ्यावरच अधिक सुरळीत चालतात.

मेमरी गौण आहे, असे मात्र नाही. ती अपुरी पडली की खेळ अडखळतो आणि नव्या खेळांना २ जीबी पुरत नाही.

पडताळा सोपा आहे. घरच्या कार्डाचा मेमरीप्रकार व वेग 'जीपीयू-झेड' या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतो. नवे कार्ड घेताना पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि आपल्याच आवडत्या खेळात, आपल्याच पडद्याच्या रिझोल्यूशनवर ते सेकंदाला किती फ्रेम (चित्रे) देते, याच्या दोन-तीन स्वतंत्र चाचण्या पाहाव्यात.